स्वस्त इलेक्ट्रिक गिटार आणि उद्यमनगरातली हत्यारं

दुकानात एखादी बारा-पंधरा हजारांची इलेक्ट्रिक गिटार अनपेक्षित चांगली वाजली की "पीस चांगला निघाला" म्हणतात. पीस चांगला-वाईट निघतो हे खरं, पण लोक मानतात तेवढं नाही. आजच्या स्वस्त गिटारीचं सुतारकाम बहुतेक वेळा चोखच असतं. कमी पडतं ते शेवटचं हातकाम: नटच्या (तारा जिथून नेकवर येतात त्या पट्टीच्या) खाचा, फ्रेटची (नेकवरच्या आडव्या धातूच्या तारांची) टोकं, नेकचा (गिटारच्या दांड्याचा) बाक, तारांची उंची. या कामाला कारखान्यात कसबी माणूस आणि वेळ लागतो, आणि किंमत खाली आणायची तर कात्री तिथेच चालते. थोडक्यात, शेवटचा हात न फिरलेली चांगली गिटार आपल्याला स्वस्तात मिळते. तो हात घरी फिरवता येतो, आणि त्यासाठी कोल्हापूर सोयीचं आहे. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच), स्टीलची पट्टी, एलन की उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत मिळतात, आणि सोनारकामाच्या बारीक कानशी गुजरी या सराफ बाजाराच्या आसपास.

सुतारकाम चोख का, तर या गिटारीची मूळ रचनाच कारखान्यासाठी झालेली आहे. लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला गिटार वाजवताही येत नव्हती. १९५० साली त्याने सपाट फळीची बॉडी आणि चार स्क्रूंनी बसवलेली वेगळी नेक अशी गिटार बाजारात आणली. १९५४ची स्ट्रॅटोकास्टरही त्याच पद्धतीची. अकूस्टिक गिटारीत असतात तसे पातळ पाट, आतल्या पट्ट्या, गोंदाचे नाजूक सांधे यातलं काहीच नाही. अशी फळी संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर कापायला घेतली की पहिली आणि हजारावी सारखीच निघते. इंडोनेशियात सुराबायाला कॉर्टच्या कारखान्यात त्यांच्या स्वतःच्या गिटारींबरोबर स्क्वायर, इबानेझ आणि पीआरएस एसई अशा वेगवेगळ्या नावांच्याही गिटारी बनतात. म्हणून तेवढ्याच पैशात अकूस्टिक घ्यायची की इलेक्ट्रिक, असं कोणी विचारलं तर वाद्य म्हणून इलेक्ट्रिक जास्त खात्रीची. (अ‍ॅम्पचा खर्च वेगळा, तो खाली येतो.)

बॉडी पॉप्लरची की बासवुडची यावर लोक रात्र-रात्र भांडतात. या किमतीत त्यात वेळ घालवू नका. लाकडाचं एकच लक्षात ठेवण्यासारखं आहे, आणि ते आपल्या भागातलं आहे. २०१७च्या जानेवारीत शिसवाच्या कुळातल्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं. तयार वाद्यांना २०१९च्या अखेरीस सूट मिळाली, पण तोवर बऱ्याच कंपन्या स्वस्त गिटारींच्या फ्रेटबोर्डसाठी 'इंडियन लॉरेल'कडे वळल्या होत्या. हे लॉरेल म्हणजे राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातला आपला ऐन. शिसवापेक्षा रंगाला फिका आणि कोरडा दिसतो, म्हणून कमी प्रतीचा वाटतो, पण कामाला मजबूत आहे.

दुकानात काय बघायचं

जे घरी दुरुस्त होत नाही तेवढंच दुकानात बघायचं. बाकी खरखरणारा व्हॉल्यूम, उंच तारा, गंजलेल्या तारा यांवरून भाव करून घ्या.

पहिली नेक. गिटार बंदुकीसारखी धरून हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या टोकाकडून) ब्रिजकडे (बॉडीवर तारा अडकवलेल्या भागाकडे) नजर टाका. थोडा बाक चालतो, पीळ चालत नाही. एका बाजूची कड सरळ आणि दुसरी वाकलेली दिसली तर ती गिटार तिथेच ठेवा. ट्रस रॉड (नेकच्या आतली आवळायची लोखंडी दांडी) बाक काढतो, पीळ काढत नाही. दुकानदार परवानगी देत असेल तर ट्रस रॉड पाव फेरा इकडे-तिकडे फिरवून बघा. रॉड पूर्ण आवळलेला असूनही बाक शिल्लक असेल तर नको.

दुसरं, ब्रिजची जागा. खिशात टेप घेऊन जा. नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत मोजा. साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिमी स्केलच्या गिटारीत ते ३२४ मिमी भरतं. बाराव्या फ्रेटपासून सॅडलपर्यंत (ब्रिजवरचा, तार टेकते तो सरकता तुकडा) पहिल्या (सगळ्यांत बारीक) तारेला ३२४ किंवा मिलिमीटर-दोन मिलिमीटर जास्त यायला हवं, आणि जाड तारांना त्याहून थोडं अधिक. सॅडल मागच्या टोकाला टेकलेलं असूनही एवढं अंतर मिळत नसेल तर ती गिटार वरच्या फ्रेटवर कधीच सुरात येणार नाही. भोकं बुजवून ब्रिज मागे सरकवावा लागेल, आणि ते या किमतीत परवडत नाही.

तिसरं, बारीक तार फ्रेटबोर्डच्या कडेवरून घसरते का. घसरत असेल तर घाबरू नका. नेक स्क्रूंनी बसवलेली असेल तर चारही स्क्रू अर्धा फेरा सैल करून नेक हाताने हव्या त्या बाजूला रेटायची आणि पुन्हा आवळायचे. पाच मिनिटांचं काम आहे, पण दुकानात त्यासाठी हजार रुपये उतरू शकतात.

दोन प्रकार मात्र स्वस्तात घेऊच नयेत. एक, लॉक होणारा फ्लॉइड रोझ पद्धतीचा ट्रेमोलो (दांडीने हलवून सूर खाली-वर करायचा ब्रिज): त्याच्या धारा मऊ धातूच्या असल्या की काही महिन्यांत झिजतात आणि गिटार सुरावर परतत नाही. दुसरा, नेक गोंदाने चिकटवलेली लेस पॉलची नक्कल: तिच्यात नेकचा कोन चुकला असेल तर काही करता येत नाही. सगळ्यांत निर्धोक म्हणजे टेलिकास्टर पद्धतीची (फेंडरच्या त्या १९५०च्या गिटारीसारखी), पक्क्या ब्रिजची गिटार. यामाहाच्या पॅसिफिका मालिकेतली, इबानेझ गिओ किंवा कॉर्टची साधी गिटार वापरलेली मिळाली तर नव्यापेक्षा तीच बघा. इंजिनिअरिंगची मुलं शेवटची परीक्षा झाली की गावी जाताना गिटार विकतात. मे-जूनमध्ये चौकशी ठेवावी.

कामाचा क्रम

आधी नव्या तारा, मग ट्रस रॉड, मग नट, मग ब्रिजची उंची, मग इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही तार सुरात यावी म्हणून सॅडलची जागा जुळवणं), शेवटी पिकअपची (तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या, तारांखालच्या भागाची) उंची. हा क्रम मोडला की केलेलं काम पुन्हा करावं लागतं. तारा ९–४२च्या (बारीक तार इंचाच्या नऊ हजारांश, जाड बेचाळीस हजारांश) घ्या, गिटारवर आलेल्या तारांवर काहीही जुळवत बसू नका.

ट्रस रॉडसाठी: पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड तार सतराव्या फ्रेटवर दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत किती फट आहे ते बघा. फिलर गेजची ०.२५ मिमीची पाती तार न हलवता सरकली पाहिजे, त्याहून जाड नाही. फट जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या दिशेने फिरवायचा, फट नसेल तर उलट. एका वेळी पाव फेरा. लाकूड लगेच जागेवर येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. एलन की गिटारसोबत आलेलीच वापरा. मिलिमीटरच्या जागी इंचाची जवळपास बसणारी की घातली तर रॉडच्या टोकाच्या नटाचे कोपरे झिजतात, आणि मग सगळी गिटार अडकते.

नट: सगळा घोळ इथे

"गिटार ट्यून केली तरी ई कॉर्ड बरी आणि एफ बेसूर" ही तक्रार ऐकली की नट बघायचा. स्वस्त गिटारीत नटच्या खाचा मुद्दाम उंच ठेवलेल्या असतात, कारण उंच खाच असलेली गिटार नुसतीच वाजवायला जड जाते, खोल गेलेली मात्र खरखरते आणि दुकानातून परत येते. खाच उंच असली की पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर तार दाबताना ती ताणली जाते आणि सूर चढतो. ट्यूनरला दोष देऊन काही होत नाही.

तपासायचं असं. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. तो एक कागद जेमतेम सरकला पाहिजे, बारीक तारांना त्याहूनही कमी चालेल. चार-पाच कागद सरळ जात असतील तर खाच उतरवायची.

नटच्या खास कानशींचा सेट परदेशातून मागवायचा तर स्वस्त गिटारीच्या निम्मी किंमत तिथेच जाते. त्याऐवजी गॅस वेल्डिंगची नोझल साफ करायच्या खरबरीत तारांचा सेट वेल्डिंग सामानाच्या दुकानात थोडक्या पैशात मिळतो. ४२, ३२ आणि २४च्या तारांसाठी (म्हणजे सुमारे १.०७, ०.८१ आणि ०.६१ मिमी) तो उत्तम. बारीक तारांसाठी तो जाड पडतो. तिथे दुसरा फिलर गेज घेऊन ०.२५, ०.३० आणि ०.४० मिमीच्या पात्यांच्या कडेला त्रिकोणी कानशीने बारीक दाते पाडायचे. अशी पाती ९, ११ आणि १६च्या तारांना बरोबर बसते. हा गेज या कामात बळी जातो, फट मोजायचा शाबूत राहावा, म्हणून 'दुसरा' म्हटलं.

कानस चालवताना खाचेचा उतार हेडस्टॉककडे हवा. तार नटच्या पुढच्या कडेला, म्हणजे फ्रेटबोर्डच्या बाजूलाच टेकली पाहिजे. खाचेचा तळ सपाट राहिला किंवा उतार उलटा झाला तर मोकळी तार सतारीसारखी झणझणते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीला रुंद, किंचित गोलाई असलेला माथा देऊन हीच जवारी मुद्दाम काढतात. गिटारच्या नटवर ती नको. दोन-तीन घासे मारले की तार बसवा, सुरात लावा, कागदाने मोजा, पुन्हा काढा. कंटाळवाणं आहे, पण घाई केली की खाच खोल जाते. गेलीच, तर खाचेत खायचा सोडा दाबून त्यावर फेविक्विकचा एक थेंब टाका. क्षणात दगडासारखं घट्ट होतं, आणि पुन्हा कानस चालवता येते. त्या वेळी नाक लांब ठेवा, वाफ झोंबते. शेवटी खाचेत पेन्सिलीचं शिसं घासून ठेवा. तार बोटाने आडवी ओढल्यावर (बेंड) ती खाचेत अडकून सूर उतरणं यानेच निम्मं कमी होतं.

फ्रेट आणि आपली हवा

लाकूड आडव्या अंगाने हवेतल्या ओलीप्रमाणे फुगतं-आकसतं, फ्रेटची धातूची तार आकसत नाही. पावसाळ्यात गुळगुळीत असलेली नेक उन्हाळ्यात हाताला करवतीसारखी लागते ती यामुळे. म्हणून फ्रेटची टोकं घासायचं काम उन्हाळ्यात, लाकूड आकसलेलं असताना करावं. पावसाळ्यात केलं तर पुढच्या उन्हाळ्यात टोकं पुन्हा वर. फ्रेटबोर्डवर मास्किंग टेप लावा, सपाट बारीक कानस नेकच्या कडेला थोडी तिरकी धरून वरून खाली घासा, लाकडाला लागेपर्यंत नाही. मग ४००, ८०० आणि १५०० नंबरचा पॉलिश पेपर. ट्रस रॉडची तपासणी मृगानंतर एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा ठेवा. पंचगंगेच्या बाजूच्या जुन्या वाड्यांत भिंतींना ओल धरते, तिथे गिटार भिंतीवर टांगू नये. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. ऐन किंवा शिसवाच्या फ्रेटबोर्डला वर्षातून दोनदा लेमन ऑइलचे चार थेंब पुरेत. खोबरेल नको, ते चिकट होऊन खवट वास येतो.

एखाद्याच जागी तार खरखरत असेल तर एखादा फ्रेट उंच आहे. सरळ कडेचा स्टीलचा तुकडा एका वेळी तीन फ्रेटवर ठेवा. तो डुगडुगला तर मधला फ्रेट उंच. बहुतेक वेळा तो नीट बसलेलाच नसतो. नायलॉनच्या हातोडीने हलके ठोका, खालून फेविक्विकचा बारीक थेंब सोडा, दाबून धरा. तरी उंच राहिला तर मार्करने काळा करून तेवढाच घासा, आणि माथा पुन्हा गोल करा. सगळ्या फ्रेटची लेव्हलिंग मात्र पहिल्याच गिटारीवर करायला घेऊ नका. चकाकी आणायला स्टील वूल वापरू नका. त्याचे कण पिकअपच्या चुंबकाला चिकटतात आणि निघता निघत नाहीत. २००० नंबरचा पॉलिश पेपर आणि थोडं ब्रासो पुरतं.

तारांची उंची बाराव्या फ्रेटवर बारीक तारेला १.५ मिमी, जाड तारेला २ मिमी. सॅडल पार खाली नेऊनही तारा उंच राहत असतील तर नेक काढा आणि तिच्या खोबणीत पिकअपच्या बाजूच्या टोकाला व्हिजिटिंग कार्डाची सेंटिमीटरभर रुंद पट्टी ठेवून पुन्हा आवळा. नेक मागे झुकते आणि तारा खाली येतात. इंटोनेशन नेहमीचंच: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा, दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे.

ट्रेमोलो असलेल्या गिटारीचा सूर टिकत नसेल तर मागचं झाकण काढून तीनच्या जागी पाच स्प्रिंगा लावा आणि स्प्रिंगा अडकवलेल्या पत्र्याचे दोन्ही स्क्रू आवळून ब्रिज बॉडीवर टेकवा. डाइव्ह मारायची (दांडी दाबून सूर एकदम खाली नेण्याची) हौस नसलेल्या माणसाचं काहीच जात नाही. तारा ताणायच्या खुंट्या बदलायची घाई त्याआधी नको.

वायरिंग, घरघर आणि झटका

स्वस्त पिकअपमध्ये बहुधा स्टीलच्या खिळ्यांखाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी असते. आवाज कर्कश वाटला की लोक पिकअप बदलायला निघतात. आधी स्क्रूड्रायव्हर घ्या. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअप आणि तार यांतलं अंतर मोजा. जाड तारेकडे २.५ आणि बारीक तारेकडे २ मिमीपासून सुरुवात करा आणि तिथून अर्धा-अर्धा मिमी खाली नेत ऐका. कितीतरी 'वाईट' पिकअप इथेच सुधारतात.

सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप घरघरणारच, घरच्या विजेच्या ५० हर्ट्झचा तो गुण आहे. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर गिटारमधलं अर्थिंग ठीक आहे, उगाच वायरी उचकटू नका. घरघर अडवायला आतून कॉपर फॉइल लावायचं असेल तर प्रत्येक तुकडा एकमेकाला आणि पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीला जोडला गेला पाहिजे, नाहीतर ते नुसतं शोभेचं. खरखरणाऱ्या पॉटला काँटॅक्ट क्लीनर मारा, साधं गंज काढायचं तेल नको. जॅकचा (केबल घालायच्या सॉकेटचा) नट आवळताना आतून जॅक धरून ठेवा. तो आतल्या आत फिरून वायर तुटते, आणि 'गिटार बंद पडली' म्हणून येणाऱ्या केसेसपैकी बऱ्याच याच्याच असतात.

झटक्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. गिटारच्या तारा केबलमधून अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. जुन्या घरांत थ्री-पिन सॉकेटला अर्थिंगची वायर पोचलेलीच नसते, आणि गणपतीच्या मांडवात गिटारचा अ‍ॅम्प एका पॉइंटवर, माइकची साउंड सिस्टिम दुसऱ्या पॉइंटवर असते. हात तारांवर, ओठ माइकला, आणि दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक असेल तर करंट माणसातून जातो. अ‍ॅम्प आणि साउंड सिस्टिम दोन्ही एकाच, अर्थिंग तपासलेल्या बोर्डवर घ्या. घरघर जावी म्हणून अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिन कोणी कापायला सांगितली तर त्याचं ऐकू नका. तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्या तर वाजवणं थांबवून आधी वायरमन बोलवा.

हे सगळं झाल्यावर पैसे उरले तर ते अ‍ॅम्पवर घाला. चांगल्या अ‍ॅम्पवर साधी गिटार चांगली वाजते. चिमुकल्या प्रॅक्टिस अ‍ॅम्पवर महागडी गिटारही चिमुकलीच वाजते.

तरी पार्ट बदलायचेच असतील तर मागवण्याआधी मोजा. आयात गिटारींच्या ब्रिजमध्ये दोन तारांमधलं अंतर १०.५ मिमी, १०.८ मिमी किंवा ११.२ मिमी असतं, आणि एकाच्या जागी दुसरा बसत नाही. पॉट बहुतेक वेळा छोट्या १६ मिमीच्या अंगाचे असतात. मोठे घेतले तर बॉडीतली खोबण आणि पिकगार्डची भोकं दोन्ही कोरावी लागतात. पॉट सिंगल कॉइलला २५० के, हंबकरला (दोन वेटोळ्यांच्या पिकअपला) ५०० के. टोनचा कॅपॅसिटर ४७३ किंवा २२३ नंबरचा. रेडिओ-टीव्हीच्या पार्टच्या दुकानात दोन-चार रुपयांना मिळणारा आणि 'गिटारसाठी खास' म्हणून दोनशेला मिळणारा या दोघांवर एकच नंबर असेल तर आवाजात फरक ऐकू येत नाही. सोल्डर ६०/४०चं, सोल्डरिंग आयर्न २५ ते ४० वॅटचं, आणि पॉटच्या पाठीवर डाग देण्याआधी तिथला पत्रा पॉलिश पेपरने खरवडून घ्या, नाहीतर सोल्डर धरत नाही.